मावशीने ‘चार’ सांगितले, तेव्हा ते आठ होते : स्तनाच्या कर्करोगातील वेदनेचा इतिहास

१/
मित्रहो, या धाग्यांतून आजवर आपण गड, तह, नाणी आणि बखरी पाहिल्या. आजचा विषय निराळा आहे. शरीरात पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगाची वेदना आणि ती शमवण्याच्या साधनांचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास आज मांडते आहे. त्यात माझे स्वतःचे एक ठाम मतही आहे. धागा दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

२/
दोन वर्षांपूर्वी माझ्या मावशीचा स्तनाचा कर्करोग मणक्यापर्यंत पोहोचला. रुग्णालयात प्रत्येक खेपेला परिचारिका विचारी, “मावशी, शून्य ते दहामध्ये दुखणं किती?” मावशी सांगे, “चार.” रात्री मी तिच्याजवळ निजत असे. कूस बदलताना ती पदराचा बोळा दातांत धरी. एकदा मी विचारलेच. ती म्हणाली, “आठ सांगितलं तर तुझी आई रडत बसेल. आणि डॉक्टरांना वाटेल, औषध लागू पडत नाही. मग तेच बंद केलं तर?”

३/
डॉक्टरांना ते ‘चार’ पटले नसावे. त्यांनी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या. घरी आल्यावर त्या कपाटात गेल्या. एक ज्येष्ठ नातेवाईक म्हणाले, “ही अफूच. एकदा लागली की सुटत नाही.” ओळखीच्या एका डॉक्टरांनी सांगितले, “इतक्यात नको, शेवटासाठी राखून ठेवा.” तीन आठवडे ते पाकीट उघडले गेले नाही. इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला प्रश्न पडला : ही दोन वाक्ये आमच्या घरात आली कोठून?

४/
माझे मत आरंभीच नोंदवते. शमवता येण्याजोगी वेदना एखादी स्त्री सोसत असेल, तर त्यामागे कोणाचा तरी निर्णय असतो. तो कधी कायद्याचा असतो, कधी व्यापाराचा, कधी घरातल्या माणसांचा. अशा निर्णयाला आपण ‘सहनशीलता’ हे सुंदर नाव देतो आणि त्याची चौकशी टाळतो. इतिहासाने ती चौकशी करावी.

५/
आरंभ पॅरिसपासून करू. ३० सप्टेंबर १८११. इंग्रजी कादंबरीकार फॅनी बर्नी हिच्या उजव्या स्तनात गाठ होती. शस्त्रक्रिया करणार होते नेपोलियनच्या सैन्याचे विख्यात शल्यविशारद दॉमिनिक-जाँ लारे. भूल देण्याचे तंत्र युरोपात तेव्हा नव्हते. मद्यमिश्रित औषधाचा एक पेला, एवढाच आधार. काळ्या पोशाखातील सात पुरुष तिच्या खोलीत शिरले. तिच्या चेहऱ्यावर तलम रुमाल टाकण्यात आला. तो इतका तलम होता, की त्यातून तिला पात्याची चमक दिसली.

६/
हे आपल्याला ठाऊक आहे, कारण तिने ते आपल्या बहिणीला पत्राने कळवले. ते पत्र पुरे करायला तिला कित्येक महिने लागले आणि लिहिलेले पुन्हा वाचण्याचे धैर्य तिला झाले नाही. पतीला त्या दिवशी घराबाहेर अडकवून ठेवण्याची व्यवस्था तिने स्वतःच केली होती. त्याला हे पाहावे लागू नये, ही तिची इच्छा. पतीसाठी केलेली ती व्यवस्था आणि माझ्या आईसाठी सांगितलेले ते ‘चार’, यांत मला फारसे अंतर दिसत नाही.

७/
त्या पत्रातील एक तपशील माझ्या मनातून जात नाही. शस्त्रक्रियेपूर्वी एका डॉक्टरने तिला विचारले होते, की मुलाच्या जन्माच्या वेळी तुम्ही ओरडला होतात का? दुसरा उपायच नव्हता, असे ती म्हणाली. तेव्हा डॉक्टर आश्वस्त झाला. म्हणजे तिने ओरडावे, असेच वैद्यांना वाटत होते. वेदना शमवण्याचे साधन त्यांच्याजवळ नव्हते. किंकाळीला मोकळीक देण्याइतकी समज मात्र होती. सारे संपल्यावर तिला लारेंचा चेहरा दिसला : पांढराफटक, रक्ताचे शिंतोडे उडालेला, हादरलेला.

८/
आणि नेमक्या याच काळात जगाच्या दुसऱ्या टोकाला साधन उपलब्ध होते! जपानमधील हानाओका सेइशू या वैद्याने १३ ऑक्टोबर १८०४ रोजी साठ वर्षांच्या एका स्त्रीला पूर्ण बेशुद्ध करून तिच्या स्तनातील कर्करोगाची गाठ काढली. त्याचे औषध होते धोतरा, बचनाग आणि इतर वनस्पतींचे मिश्रण. होय, शंकराला वाहतो त्या धोतऱ्याचीच जात. औषधाच्या प्रयोगांत हानाओकाच्या पत्नीची दृष्टी गेली, असे परंपरा सांगते. जपान तेव्हा परकीयांना जवळपास बंद होता. त्यामुळे ही विद्या बर्नीच्या पॅरिसपर्यंत पोहोचलीच नाही.

९/
एक ज्ञान सात वर्षे आधी सिद्ध होते, तरी गरजू स्त्रीपर्यंत पोहोचत नाही. हे सूत्र ध्यानात ठेवा. पुढे ते पुन्हा भेटणार आहे.

१०/
बर्नी त्यानंतर अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ जगली. प्रत्येकीचे तसे झाले नाही. त्याच १८११ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत माजी राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स यांची कन्या नॅबी हिच्यावरही भूल न देता अशीच शस्त्रक्रिया झाली. तिचा रोग मात्र परतला, अंगभर पसरला आणि ऑगस्ट १८१३ मध्ये ती मरण पावली. बर्नीच्या पत्रानुसार पात्याखालची यातना सुमारे वीस मिनिटांची होती. पसरलेल्या रोगाची यातना कित्येक महिन्यांची असते. आणि ती कोणी पत्रात क्वचितच लिहिते, कारण तेव्हा हातात लेखणी धरण्याचे बळ उरत नाही.

११/
१८४६ मध्ये बॉस्टनला ईथरचे जाहीर प्रात्यक्षिक झाले, पुढल्याच वर्षी क्लोरोफॉर्म आले. शस्त्रक्रियागृहातील किंकाळी थांबली आणि शल्यविशारदांचे धाडस वाढले. शतकाच्या अखेरीस अमेरिकेत विल्यम हालस्टेड यांनी स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतील गाठी एकत्र काढणारी प्रचंड शस्त्रक्रिया रूढ केली. जन्मभर सुजलेला हात आणि आखडलेला खांदा ही त्या उपचाराची देणगी. काही दशके ही प्रमाण पद्धती होती. उपचारही वेदना निर्माण करतात, ही गोष्ट वैद्यकाच्या गौरवगाथेत सहसा वगळली जाते.

१२/
आता दुसरा धागा पकडू : अफू. १८०४-०५ च्या सुमारास जर्मनीतील एक तरुण औषधविक्रेता, फ्रीडरिश सेर्ट्युर्नर, याने अफूतून तिचे मुख्य सत्त्व वेगळे केले. ग्रीक स्वप्नदेवता मॉर्फियस हिच्या नावावरून त्याचे नाव पडले मॉर्फिन. म्हणजे बर्नीच्या शस्त्रक्रियेपूर्वीच हेही घडलेले होते. मात्र कर्करोगाच्या दीर्घ वेदनेसाठी ते पद्धतशीरपणे कसे द्यावे, हे वैद्यकाला कळण्यास आणखी दीडशे वर्षे जावी लागली.

१३/
ते कळवणारी व्यक्ती म्हणजे सिसिली साँडर्स. प्रथम परिचारिका, मग रुग्णालयातील समाजसेविका, आणि पुढे तिशी उलटल्यावर अभ्यास करून डॉक्टर. १९५८ पासून लंडनच्या सेंट जोसेफ्स हॉस्पिसमध्ये मरणासन्न रुग्णांच्या उशाशी बसून तिने टिपणे घेतली. तोवरची रीत अशी, की रुग्ण कळवळेपर्यंत थांबावे आणि मग सुई द्यावी. तिने क्रम उलटा केला. मॉर्फिन तोंडावाटे, ठरलेल्या वेळी, वेदना डोके वर काढण्यापूर्वीच द्यायचे. वेदनेची भीती गेली, की रुग्ण घड्याळाकडे पाहणे सोडतो, हे तिने दाखवून दिले.

१४/
तिचे दुसरे योगदान मला अधिक मोलाचे वाटते. ते म्हणजे ‘समग्र वेदना’ ही कल्पना. हाड दुखते, त्यासोबत मुलांची काळजी दुखते, घरखर्चाची चिंता दुखते, ‘माझ्याच वाट्याला का’ हा प्रश्न दुखतो. यांतील एकच शमवून भागत नाही. १९६७ मध्ये तिने लंडनमध्ये सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस स्थापले. उपचार, संशोधन आणि शिक्षण तिथे एका छताखाली आले. आज ज्याला आपण पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे उपशामक उपचार म्हणतो, त्याची पायाभरणी ही.

१५/
१९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेसाठी तीन पायऱ्यांची शिडी प्रसिद्ध केली. सौम्य वेदनेला साधी वेदनाशामके, मध्यम वेदनेला सौम्य अफूजन्य औषधे, तीव्र वेदनेला मॉर्फिन. औषध शक्यतो तोंडावाटे आणि घड्याळाप्रमाणे. त्याच वर्षी मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना आश्रम हे भारतातील पहिले हॉस्पिस सुरू झाले. त्याची एक शाखा पुढे गोव्यातही निघाली. ज्ञान आले, संस्था आली. मग आमच्या कपाटातील पाकीट बंद का राहिले?

१६/
उत्तरासाठी माळव्यात जावे लागेल. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात होळकर-शिंद्यांच्या आणि आसपासच्या संस्थानांत अफूचे अमाप पीक निघे. बिहार-बनारसकडच्या अफूवर ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी होती. माळव्यावर ती बसवता येईना. अखेर कंपनीने पासाचे शुल्क आकारून माळवी अफू मुंबई बंदरातून चीनकडे जाऊ दिली. १८४३ मध्ये सिंध जिंकल्यावर कराचीची पर्यायी वाटही इंग्रजांच्या हाती आली आणि मुंबईचे महत्त्व आणखी वाढले.

१७/
मुंबईच्या वैभवात या व्यापाराचा मोठा वाटा आहे. १८४५ मध्ये सुरू झालेले जे. जे. रुग्णालय ज्यांच्या देणगीतून उभे राहिले, त्या सर जमशेटजी जीजीभॉय यांची संपत्ती चीनशी चाललेल्या कापूस आणि अफूच्या व्यापारातून आलेली होती. यात मी त्यांच्यावर आरोपपत्र ठेवत नाही. तो त्यांच्या काळचा राजमान्य व्यापार होता. अफूने रुग्णालय बांधले, पण त्याच अफूतून निघणारे औषध पुढे रुग्णाच्या उशाशी पोहोचेना, एवढीच विसंगती नोंदवते.

१८/
आणि अफू आमच्या घरांना परकी होती काय? मुळीच नाही. मुंबईच्या गिरण्यांत आईला दिवसभर कामावर जाता यावे म्हणून तान्ह्या बाळाला अफूची ‘बाळगोळी’ चाटवली जाई. १९२० च्या दशकातील चौकश्यांत ही प्रथा सर्रास आढळली. गिरणीचा भोंगा सांभाळण्यासाठी बाळाला अफू चालली, चीनला विकण्यासाठी अफू चालली. हाडांत रोग पसरलेल्या स्त्रीला मात्र ‘सवय लागेल’ म्हणून नको! आपल्या भीतीचाही एक इतिहास आहे, आणि तो सोयीचा आहे.

१९/
१९८५ मध्ये अमली पदार्थविरोधी कायदा, म्हणजे एनडीपीएस कायदा आला. हेतू रास्त होता. मात्र मॉर्फिनसाठी रुग्णालयांना निरनिराळ्या खात्यांचे अनेक परवाने लागू लागले. प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. एक परवाना हाती येईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपे. कागदोपत्री चूक झाली तरी दहा वर्षांच्या सक्तमजुरीची टांगती तलवार. औषधविक्रेत्यांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. देशातील वैद्यकीय मॉर्फिनचा वापर पुढील दशकभरात नव्वद टक्क्यांहून अधिक घसरला. डॉक्टरांची एक अख्खी पिढी ते औषध हाताळल्यावाचून पदवीधर झाली.

२०/
‘शेवटासाठी राखून ठेवा’ म्हणणारे आमच्या ओळखीचे डॉक्टर याच पिढीतले. त्यांच्यावरचा माझा राग येथे पुष्कळसा निवळला. ते वाक्य त्यांचे एकट्याचे नव्हते. कायद्याने निर्माण केलेले अज्ञान त्यांच्या तोंडून बोलत होते.

२१/
आता या धाग्यातील मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी घटना. १९९८ मध्ये मॉर्फिनचा प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयात गेला. त्यामागे एक भारतीय औषधशास्त्रज्ञ होता. त्याच्या आईला बळावलेला स्तनाचा कर्करोग झाला होता. औषध कोणते द्यावे, हे मुलाला पक्के ठाऊक. ते आपल्याच देशात तयार होते, हेही ठाऊक. तरीही आईसाठी ते मिळेना. न्यायालयाने मॉर्फिनच्या परवान्यांची प्रक्रिया सुलभ व जलद करण्याचे निर्देश दिले. पॅरिस आणि जपानचे सूत्र आठवते ना? आता साधन आणि रुग्ण यांच्यामध्ये समुद्र नव्हता. होते केवळ टेबल.

२२/
केरळने वाट दाखवली. १९९३ मध्ये कोझिकोडला डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपशामक उपचारांची संस्था काढली. राज्याने परवान्यांचे नियम सुटसुटीत केले, शेजारपाजारच्या स्वयंसेवकांनी घरोघर जाऊन रुग्ण सांभाळले, आणि २००८ मध्ये सरकारने स्वतंत्र धोरणच स्वीकारले. अखेर २०१४ मध्ये संसदेने एनडीपीएस कायद्यात दुरुस्ती केली. मॉर्फिनसारख्या अत्यावश्यक औषधांसाठी देशभर एकसमान नियम आणि एकच परवाना, ही तरतूद झाली.

२३/
कायदा बदलला. सवयी बदलायला वेळ लागतो. लॅन्सेटच्या आयोगाने २०१७ मध्ये मांडलेले आकडे पाहा. जगात वर्षाला मॉर्फिनच्या मापाने सुमारे २९८.५ टन अफूजन्य वेदनाशामके वितरित होत. त्यांतील सर्वांत गरीब देशांच्या वाट्याला ०.१ टन. भारतात गरजेच्या केवळ ४ टक्के. आणि लक्षात घ्या, मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते. नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत. औषधी अफूच्या कायदेशीर निर्यातीत भारत जगात अग्रभागी राहिला आहे.

२४/
आता विरोधी बाजू. ‘अमेरिकेत काय झाले ते पाहा’ असे कोणी म्हणेल, आणि ते योग्यच आहे. १९९० च्या दशकापासून तेथे कंपन्यांनी अफूजन्य गोळ्यांचा आक्रमक प्रचार केला, पाठदुखीपासून दातदुखीपर्यंत त्या सढळ हाताने लिहिल्या गेल्या आणि असंख्य माणसे व्यसनाने मेली. नियंत्रण हवेच. पण त्या संकटातून ‘कर्करोगाच्या रुग्णालाही नको’ हा निष्कर्ष निघत नाही. कोणी महापुरात बुडाले, म्हणून तहानलेल्याचा पेला काढून घेता येत नाही.

२५/
‘सवय’ या शब्दाचीही थोडी फोड करू. काही काळ मॉर्फिन घेतल्यावर शरीर त्याला सरावते. म्हणून ते एकाएकी बंद करत नाहीत, डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करतात. हे शारीरिक अवलंबित्व. व्यसन म्हणजे हानी दिसत असूनही पदार्थाच्या मागे धावणे. दोन्ही एक नव्हेत. देखरेखीखाली, वेदनेच्या मापाने औषध घेणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णात व्यसन जडण्याचा धोका कमी असतो. बद्धकोष्ठ मात्र बहुतेकांना होतो, म्हणून पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासून सोबत देतात. सुरुवातीला काही दिवस मळमळ व गुंगीही येते.

२६/
शिवाय मॉर्फिन म्हणजे सर्व काही नव्हे. हाडांत पसरलेल्या रोगाच्या दुखण्यावर थोडक्या, कधी कधी एकाच मात्रेच्या रेडिएशननेही पुष्कळ आराम पडतो. काही केमोथेरपींनी हातापायांत होणारी आग व मुंग्या ही मज्जातंतूंची वेदना असते. तिची औषधे निराळी. शस्त्रक्रियेनंतरच्या सुजलेल्या हाताला व्यायाम आणि पट्ट्या लागतात. म्हणूनच ‘कुठे, कसे, केव्हा दुखते’ हे रुग्णाने खरे सांगणे हा उपचाराचाच भाग आहे. ‘चार’ ऐकून डॉक्टर चारचेच औषध देणार.

२७/
आणि उपशामक उपचार म्हणजे ‘आता काही उरले नाही’ अशी घोषणाही नव्हे. ते केमोथेरपी किंवा इतर उपचार चालू असतानाच, सोबतीने सुरू करता येतात, करावेत. ‘शेवटासाठी राखून ठेवा’ हे वाक्य वैद्यकाने मागे टाकले आहे. आपल्या घरांनी अजून टाकलेले नाही.

२८/
राहिला सहनशीलतेचा प्रश्न. आपल्याकडे सोसणाऱ्या बाईचे कौतुक फार. तोंडातून ‘ब्र’ काढला नाही, हे मृत्यूनंतरचे प्रशस्तिपत्रच. मी ते आमच्या घरात किती जणींबद्दल ऐकले आहे! बर्नीच्या काळात सोसण्यावाचून गत्यंतर नव्हते, त्या सोसण्यापुढे मी नतमस्तक आहे. गत्यंतर असताना सोसायला लावणे मात्र निराळे. त्याला धैर्य म्हणणे म्हणजे धैर्याचाही अपमान होय.

२९/
एके रात्री मी मावशीला बर्नीची हकीकत सांगितली. सात काळे पुरुष, तलम रुमाल, बहिणीला लिहिलेले पत्र. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “तिनं निदान बहिणीला खरं तरी सांगितलं.” दुसऱ्या दिवशी तिने माझ्या आईला जवळ बसवून घेतले. दोघी रडल्या. संध्याकाळी आईने स्वतः कपाट उघडले. पुढल्या तपासणीला परिचारिकेने विचारताच मावशी म्हणाली, “परवापर्यंत आठ होतं. आता तीन.” ते तीन खरे होते.

३०/
मावशी त्यानंतर सात महिने जगली. औषधाने रोग हटला नाही, आणि शेवटचे दिवस सोपे होते असेही मी म्हणणार नाही. मधल्या महिन्यांत मात्र ती रात्री झोपली. ओट्यापाशी खुर्ची टाकून आईला आमटीत चिंच किती घालायची ते सांगू लागली. माझ्या प्रबंधाचे पहिले प्रकरण तिने ऐकले आणि “वाक्यं फार लांब आहेत” असा शेरा दिला. ते तीन आठवडे मात्र परत मिळाले नाहीत. कपाटाची चावी कोठे असते हे मलाही ठाऊक होते. हा धागा त्या तीन आठवड्यांच्या हिशेबात मांडावा.

३१/
इतिहास वाचणाऱ्या तरुण मित्रांना एवढीच विनंती. घरात कोणी आजारी असेल, तर ‘दुखतंय का?’ असे न विचारता ‘किती दुखतंय, खरं सांग’ असे विचारा आणि उत्तर ऐकण्यासाठी थांबा. रुग्णालयात उपशामक उपचारांचा विभाग आहे का, याची चौकशी करा. ‘अफू’ हा शब्द निघाला, की माळव्याची, मुंबई बंदराची आणि बाळगोळीची गोष्ट सांगा. ज्या भीतीचा इतिहास कळतो, तिची पकड थोडी सैल होते. आमच्या घरात तरी तसे झाले. धागा समाप्त.